डॉमिनिकाची वर्षावने : वॉटन वेव्हन ते बॉयलिंग लेक

कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिका बेटाची दक्षिणोत्तर लांबी जेमतेम ४७ किलोमीटर आहे. मात्र दक्षिण टोकाच्या स्कॉट्स हेडपासून उत्तरेच्या कॅब्रिट्सपर्यंत जाणारी वायतुकुबुली राष्ट्रीय पायवाट सुमारे १८५ किलोमीटर भरते. ही वाट किती वळसे घेते याची कल्पना एवढ्यावरूनच यावी. २०११ मध्ये खुल्या झालेल्या या वाटेचे १४ टप्पे आहेत. त्यांतील दक्षिणेकडचे टप्पे संपवून मी गंधकाच्या गरम झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या वॉटन वेव्हन गावापर्यंत पोहोचलो आहे, आणि पुढे सरकण्यापूर्वी मुख्य वाट सोडून बॉयलिंग लेक या उकळत्या तळ्याची स्वतंत्र चढाई पूर्ण केली.

किती अंतर कापले यापेक्षा उतारावर झालेली प्रगती मला अधिक मोलाची वाटते. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे येथील उंच डोंगरांना अडून वर चढतात आणि बेटाच्या अंतर्भागात वर्षाला ७,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पाडतात, त्यामुळे कोरड्या मानल्या जाणाऱ्या महिन्यांतही आतली वाट वाळलेली सापडत नाही. तीव्र उतारांवर ओंडके आडवे बसवून पायऱ्या केलेल्या आहेत. ओंडक्यामागची माती वाहून गेली की तो उघडा पडतो, त्यावर शेवाळाचा पातळ, जवळजवळ न दिसणारा थर धरतो आणि मागे गढूळ पाण्याचा खळगा तयार होतो. पाय कोरडा राहावा म्हणून ओंडक्यावर पाऊल टाकण्याचा मोह होतो. पण टाच आधी टेकवून सरळ खळग्यात उतरणे हेच सुरक्षित. बूट भिजणारच आहेत हे एकदा मनाने स्वीकारले की चाल स्थिर होते. आता गुडघ्यांवर पूर्वीइतका ताण येत नाही आणि काठीवर भार टाकण्याऐवजी तिने पुढच्या चिखलाची खोली अजमावण्याची सवय लागली आहे.

बॉयलिंग लेकची वाट लॉदा गावाजवळच्या टिटू गॉर्जपासून निघते. सुरुवातीला उंच झाडांच्या दाट छत्राखालून ती ब्रेकफास्ट नदीपर्यंत जाते. नदी ओलांडली की मोर्न निकोल्सचा खडा चढ लागतो, झाडे खुजी होत जातात, फांद्यांवर शेवाळाचे जाड वेष्टण दिसू लागते आणि माथ्यावर वारा अंगावर येतो. तेथून व्हॅली ऑफ डेसोलेशनमध्ये उतरताना वनस्पती जवळपास संपतेच. जमिनीतून वाफेचे झोत निघतात, खनिजांमुळे एका ओढ्याचे पाणी दुधाळ तर शेजारच्याचे काळे दिसते. काही ठिकाणी वरचा कवच पातळ असून खाली उकळते पाणी असते, म्हणून येथे स्थानिक वाटाड्याच्या पावलावर पाऊल ठेवूनच चालावे, असे माझे ठाम मत आहे. बॉयलिंग लेक म्हणजे पाण्याने भरलेले, सुमारे ६० मीटर रुंदीचे ज्वालामुखीय धूममुख, म्हणजे जमिनीतून वाफ आणि वायू बाहेर पडण्याचे तोंड. वाफ क्षणभर विरळ झाली तेव्हा मध्यभागी उसळणारे करडे पाणी स्पष्ट दिसले, आणि एवढ्या चढउताराचे सार्थक झाले. हा सारा परिसर १९९७ पासून जागतिक वारसा असलेल्या मोर्न त्र्वा पितों राष्ट्रीय उद्यानात येतो.

जुने वर्णन वाचून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. १८ सप्टेंबर २०१७ रोजी पाचव्या श्रेणीचे मारिया चक्रीवादळ या बेटावर आदळले आणि जंगलाचे छत्र मोठ्या प्रमाणावर फाटले. जेथे जमिनीवर ऊन पोहोचू लागले तेथे गवत आणि वेली झपाट्याने माजतात, वाटेच्या निळ्या-पिवळ्या खुणा झाकल्या जातात आणि धारदार पात्यांनी पोटऱ्या सोलवटून निघतात. त्यामुळे उकाडा असला तरी मी पूर्ण लांबीची पातळ पँटच वापरतो. प्रत्येक टप्प्याची सद्यस्थिती आदल्या दिवशी गावात विचारून घेणे हे नकाशा पाहण्याइतकेच आवश्यक आहे. दुपारच्या सरींनंतर नद्या अचानक फुगतात, म्हणून निघायचे ते उजाडतानाच.

यापुढे पों कासेहून कॅसल ब्रूसकडे जाणारा टप्पा आणि त्याला लागून बेटाच्या मूळ रहिवासी कालिनागो लोकांच्या प्रदेशातून जाणारी वाट करायची आहे. १,४४७ मीटर उंचीचे मोर्न दियाब्लोतँ हे बेटावरील सर्वोच्च शिखर मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. त्याच्या उतारांवरील जंगलात सिसेरू हा केवळ डॉमिनिकातच आढळणारा पोपट राहतो, आणि त्याला पाहण्यासाठी चालण्याची घाई नसलेली एक पूर्ण सकाळ राखून ठेवावी लागेल.