विषय क्र. 11 आणि डांबराखालचा व्हॉल्व्ह

‘पाणीपुरवठा विभागाकडील वितरण व्यवस्थेसाठी घेण्यात आलेले बाह्यस्रोत मनुष्यबळ 18 वरून 11 करणेबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे.’

विषयपत्रिकेवरचा हा अकरावा विषय. वर रस्ते, गाळे, दिवाबत्ती, खाली ‘आयत्या वेळचे विषय’. मी सांगली जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत पाणीपुरवठा अभियंता आहे. अजून नोकरीत असल्यामुळं गावाचं नाव लिहीत नाही. कृष्णेवर जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायची विहीर, तिथून शुद्धीकरण केंद्र, पुढं उंच टाक्या आणि टाक्यांपासून घरोघरी गेलेलं नळांचं जाळं हे सगळं माझ्याकडं आहे. त्या सभेला मी गेले ते विचारलं तर आकडे सांगायचे एवढ्याच तयारीनं.

आमच्याकडच्या आधीच्या नगरसेवकांची मुदत डिसेंबर 2021 मध्ये संपली. त्यानंतर चार वर्षं मुख्याधिकारीच प्रशासक. 2 डिसेंबर 2025 ला मतदान झालं, 21 ला निकाल लागला आणि सभागृहातल्या खुर्च्या पुन्हा भरल्या. प्रशासकाच्या काळात ठराव एका सहीचा असायचा. टिपणी वर जायची, सही होऊन खाली यायची. त्यात चांगले निर्णयही पुष्कळ झाले, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण ‘असं का?’ म्हणून विचारणारं समोर कुणी नव्हतं. आता निवडून आलेले बरेचसे नगरसेवक नवे, नगरपरिषद अधिनियमाचं पुस्तक हातात घेऊन बसलेले. कुणी काही विचारलं की मला बरं वाटायचं.

माणसं कमी करण्याचा विषय लेखा विभागाकडून आला होता आणि त्यामागचं कारण खोटं नव्हतं. आमचा सगळ्यात मोठा खर्च पंपांच्या वीजबिलाचा. पाणीपट्टी वर्षाला ठोक, मीटर नाहीत, वसुली मार्च उजाडला की धावाधाव करून होते. वीजबिल कमी करता येत नाही, तुरटी आणि क्लोरीन कमी करता येत नाही. मग तक्त्यात हात लावण्यासारखी एकच ओळ उरते, ती माणसांची.

इथं एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण गावातल्या फार थोड्या लोकांना ती माहीत असते. नगरपरिषदेकडं येणारा पैसा एका रंगाचा नसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातल्या अनुदानातली 60 टक्के रक्कम पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेली होती. उरलेली 40 टक्के मोकळी म्हणायची, पण तीसुद्धा पगारावर आणि आस्थापनेवर खर्च करता येत नव्हती. 1 ऑक्टोबर 2021 ला सुरू झालेल्या अमृत 2.0 या केंद्राच्या शहरी योजनेत टाकी, पाईपलाईन, शुद्धीकरण केंद्र मिळतं. म्हणजे नवी टाकी बांधायला दिल्ली-मुंबईचा पैसा मिळू शकतो आणि त्या टाकीचा व्हॉल्व्ह पहाटे उघडणाऱ्या माणसाची मजुरी मात्र गावानं स्वतःच्या पाणीपट्टीतून द्यायची. त्यामुळं कुठल्याही सभागृहाचा कल यंत्राकडं जातो. त्यात कुणाचा दुष्टावा नसतो. यंत्राला पैसा आहे आणि माणसाला नाही, एवढीच गोष्ट आहे. मला ती फार चुकीची वाटते, आणि ती जिथं जिथं संधी मिळेल तिथं मी बोलते.

कायम व्हॉल्व्हमन आमच्याकडं पूर्वी बरेच होते. एकेक निवृत्त होत गेला, आकृतिबंधातलं, म्हणजे मंजूर पदांच्या यादीतलं, पद त्याच्याबरोबर गेलं. त्यांच्या जागी ठेकेदारामार्फत माणसं आली. बहुतेक तीच माणसं, आधी रोजंदारीवर होती, आता ठेकेदाराच्या हजेरीपटावर. त्यांतले सगळ्यांत जुने ते तात्या. खरं नाव वेगळं, पण मुख्याधिकाऱ्यांपासून शिपायापर्यंत सगळे तात्याच म्हणतात. आम्ही अभियंते राज्यसंवर्गातले, बदलून येतो, बदलून जातो. 2019 च्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली, तेव्हा मी विदर्भात नोकरीला होते. इथली जॅकवेल पाण्यात गेली तेव्हा मोटारी वर ओढून काढणाऱ्यांत तात्या होते. पूर ओसरल्यावर गाळ भरलेल्या लाईन कुठून सुरुवात करून कुठं धुवून काढायच्या, तो क्रम त्यांनी ठरवला होता. हे मला कुठल्याही नस्तीत सापडलं नाही. लोकांनी सांगितलं म्हणून कळलं.

सभेत विषय निघाला. सत्ताधारी बाजूचे एक तरुण नगरसेवक उभे राहिले. अभियांत्रिकी शिकलेले, बोलणं मुद्देसूद. ते म्हणाले, “आता ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह आलेत. ऑफिसात बसून मोबाईलवरनं पाणी सोडता येतं. आपण प्रस्ताव करतोयच. मग अठरा माणसं कशाला लागतात? अकरासुद्धा जास्त होतील.” त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. अशी यंत्रणा असते, चांगली चालते, मला हवीच आहे.

विरोधी बाजूचे एक ज्येष्ठ सदस्य गरिबांच्या पोटावर पाय देऊ नका, असं बरंच बोलले. ते मनापासून बोलत होते, पण त्यानं आकडा हलणार नव्हता.

मग पहिल्यांदाच निवडून आलेल्या एक नगरसेविका उठल्या. सगळे त्यांना वहिनी म्हणतात. त्यांनी मलाच विचारलं, “मॅडम, ही माणसं नक्की काय करतात ते सांगा की. आमच्या गल्लीला पाणी सोडणारा व्हॉल्व्ह कुठं हाय? मला लग्न होऊन आल्यापासनं म्हाईत न्हाई.”

मी नकाशा पसरला. आमच्या नकाशावर मुख्य व्हॉल्व्ह आहेत. पोट-लाईनचे, पेठांतले जुने व्हॉल्व्ह त्यावर कधी चढलेच नाहीत. नळयोजना टप्प्याटप्प्यानं वाढत गेली, दर टप्प्याचा कागद वेगळा, काही कागद पुरात गेले. मी सांगितलं, “वहिनी, तुमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह कागदावर नाही. तो तात्यांना माहीत आहे.”

सभागृहात कुजबुज झाली. तरुण नगरसेवक म्हणाले, “म्हणजे गावाचं पाणी एका माणसाच्या डोक्यात आहे?” मी म्हटलं, “एका नाही, अठरा माणसांच्या. प्रत्येकाकडं थोडं थोडं.”

नगराध्यक्षांनी त्यानंतर जे केलं ते मी माझ्या नोकरीत कुठंच पाहिलेलं नाही. त्यांनी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब केली आणि म्हणाले, “चला, जागेवर जाऊ.” वहिनींची गल्ली नगरपरिषदेपासून चालत जाण्याएवढीच. तात्यांना निरोप गेला. पंधरा-वीस माणसं, त्यात बहुतेक सदस्य, भर दुपारी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. दुकानदार बाहेर आले. कुणीतरी विचारलं, काय अतिक्रमण काढायचंय का?

तात्या सायकलवरनं आले. मागं पहार आणि व्हॉल्व्ह फिरवायची लांब दांड्याची चावी बांधलेली. काय करायचंय ते कळल्यावर त्यांनी मारुतीच्या देवळाच्या पायरीला पाय लावला, गटाराच्या कडेनं पावलं टाकत गेले, विजेच्या खांबाकडं एकदा बघितलं आणि डांबरावर एका जागी पहार आपटली. मग वीतभर सरकून परत आपटली. आवाज बदलला. रस्ता केला तेव्हा ठेकेदारानं चेंबरवरनंच डांबर ओढलं होतं. तात्यांनी आणि त्यांच्या जोडीदारानं ते फोडलं, तेव्हा खाली चेंबरचं झाकण निघालं.

“मग एवढे दिवस पाणी कसं सोडत होता?” वहिनींनी विचारलं.

“वरच्या चौकातनं खेळवत हुतो वैनी. म्हनून तर तुमच्यात पानी कमी येतंय. मी सांगितलं हुतं रस्त्याच्या टायमाला.”

त्यांनी सांगितलं होतं, हे खरं आहे. रस्ता बांधकाम विभागाचा, चेंबर आमचा. त्यावेळच्या टिपणीवर पुढं काही झालेलं नव्हतं. तात्यांनी चावी लावली आणि आटे मोजत फिरवायला लागले. सात आट्यांवर थांबले. तरुण नगरसेवक वाकून बघत होते, त्यांनी विचारलं, पूर्ण का उघडत नाही? तात्या म्हणाले, “बारा आट्याचा हाय सायब. पर सातच काढायचं. आठवा काढला की खालच्या पेठंतली जुनी शिमिटाची लाईन फुटती. तिकडची बदलली तर हितं बारा काढता येतील.”

“मग इथं ऑटोमॅटिक बसवला तर?”

“बसवा की. आमचा जीव तरी वाचंल पाटंचा. पर कुटं बसवायचा आनि कितीवर थांबवायचा, ते दावायला मानूस ठेवा म्हंजे झालं.”

हे ते टोचून बोलले नाहीत. अगदी कामाच्या सुरात बोलले, आणि म्हणूनच ते सगळ्यांना लागलं.

सभा पुन्हा भरली. मला बोलायला सांगितलं. मी अठराही जणांच्या कामाचा तक्ता केलेला होता. कोण किती वाजता येतो, कोणत्या भागाचं आवर्तन सोडतो, किती गळत्या काढतो. त्यात शेवटचा रकाना क्लोरीन तपासणीचा होता, आणि मी तिथंच जोर दिला. 2025 च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडले, तेव्हा संशय पाण्यावर गेला होता आणि आमच्याकडंही लोक घाबरले होते. तेव्हापासून रोज लाईनच्या अगदी शेवटच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची तपासणी, होते. शेवटच्या नळालासुद्धा लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक पाहिजे. ओटीचं औषध टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. ही तपासणी करणारा वेगळा माणूस आमच्याकडं नाही. पाणी सोडणाराच पाणी सोडून झाल्यावर सायकल मारत टोकाला जातो आणि बाटली भरतो. मी म्हटलं, “अकरा माणसांत पाणी सुटेल. तपासणी होणार नाही. तक्रार यायला वेळ लागेल, कारण क्लोरीन नसलेलं पाणी दिसायला तसंच असतं. 1965 च्या अधिनियमात कलम 49 खाली चांगलं आणि पुरेसं पाणी देणं हे आपलं बंधनकारक कर्तव्य आहे. ते कर्तव्य या रकान्यात आहे.”

लेखापालांनी उत्तर दिलं, तेही रास्त होतं. पैसा कुठून आणायचा? ठेकेदाराची देयकं थकली की त्याच माणसांची मजुरी थकते. अठरा ठेवून तीन महिने मजुरी न देण्यापेक्षा कमी ठेवून वेळेवर द्यावी, हे काय वाईट? यावर माझ्याकडं पाणीपट्टी वाढवा आणि वसुली करा याशिवाय दुसरं उत्तर नव्हतं. ते मी सांगितलं. पाणीपट्टी हा शब्द आला की सभागृह शांत होतं, नवं असो की जुनं.

शेवटी उपसूचना आली. गंमत नाही, ती तरुण नगरसेवकांनीच मांडली आणि वहिनींनी अनुमोदन दिलं. बाह्यस्रोत मनुष्यबळ 15 ठेवावं. एका वर्षात सगळ्या व्हॉल्व्हची जागा, खोली, आटे आणि कोणत्या लाईनला जोडलेला आहे याची नोंद याच माणसांना बरोबर घेऊन नकाशावर करावी. ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह आधी एकाच टाकीच्या भागात बसवावेत. रस्त्याचं देयक काढण्याआधी चेंबर उघडे असल्याचा पाणीपुरवठा विभागाचा दाखला घ्यावा. मजुरी दर महिन्याच्या 10 तारखेच्या आत बँक खात्यात जमा झाल्याचा पुरावा असल्याशिवाय ठेकेदाराचं पुढचं देयक देऊ नये. ठराव बहुमतानं मंजूर झाला.

मला त्यातलं नकाशाचं आणि रस्त्याचं कलम पंधरा या आकड्याहून मोठं वाटतं. आमच्यासारखा अभियंता बदलून गेला तरी ते राहील. काम सुरूही झालंय. मोबाईलवर जागेचे अक्षांश-रेखांश घेतो, तात्या खुणा सांगतात, दोघं शिकाऊ पोरं लिहून घेतात. एका पेठेत तर कुणालाच ठाऊक नसलेला एक व्हॉल्व्ह निघाला. तात्यांनाही माहीत नव्हता. ते म्हणाले, हा माझ्या वडिलांच्या वेळचा असणार. तो बंद अवस्थेत गंजून गेलाय आणि त्यामुळंच त्या पेठेच्या मागच्या बाजूला दाब मिळत नव्हता. आता तो बदलायचाय, त्याला अनुदानातून पैसे मिळतील.

पण अठरातले तीन कमी झाले, आणि ते तीन कोणते हे ठरवायचं काम माझ्याकडं आलं. वय बघून काढले तर अनुभव जातो, नवे काढले तर उद्याला माणूस उरत नाही. मी माणसांची नावं आधी बाजूला ठेवली आणि कोणतं काम थांबवलं तर धोका सगळ्यांत कमी हे पाहिलं. तरी रात्रपाळीच्या एका जागेला हात लावावाच लागला. आता दोन नंबरच्या टाकीवर रात्री 10 ते पहाटे 4 कुणी नसतं. टाकी भरून वाहिली किंवा आवारात कुणी शिरलं तर सकाळीच कळेल. हे मी टिपणीत स्पष्ट शब्दांत लिहिलं, कामावरून कमी केलेल्या तिघांना पुढच्या भरतीत प्राधान्य द्यावं हेही लिहिलं, आणि टिपणी मुख्याधिकाऱ्यांकडं पाठवली. वहिनींनी तिची प्रत रीतसर अर्ज करून मागून घेतली आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेसाठी त्यांनी लेखी प्रश्न दिलाय: दोन नंबरच्या टाकीवरची रात्रपाळी परत सुरू करायला वर्षाला किती खर्च येईल, आणि तेवढ्यासाठी पाणीपट्टी घरटी किती वाढवावी लागेल? हिशोब मी करून ठेवला आहे. लेखापालांबरोबर एकदा ताडून बघायचा राहिलाय.