मला ओबीजीवायच घ्यायचंय

आज जेवताना परत तोच विषय, एमबीबीएसनंतर पीजीला काय घेणार. मला ओबीजीवाय, म्हणजे बाळंतपण आणि बायकांच्या आजारांची ब्रांच हवीय. पप्पांचं म्हणणं स्किन घे नाहीतर रेडिओलॉजी, झोप तरी पुरी होईल, आणि आत्तीनं तर सरळ विचारलं की रात्री-अपरात्री उठून पळणारी सून कुठल्या घरात चालंल. मी काही बोलले नाही, मला ते तोंडानं नीट सांगता येत नाही, म्हणून इथं लिहितेय.

सगळ्यांना वाटतं बाळ हातात येतं तो क्षण आवडतो म्हणून पोरी ही ब्रांच घेतात. आवडतो की. पण इंटर्नशिपमधे मला धरून ठेवलं ते त्याच्या नंतरच्या तासानं. बाळ रडलं की सगळं तिकडं वळतं, मुलगा का मुलगी, वजन किती, बाहेर पेढे आणायला माणूस गेलेला, आणि टेबलावर ती बाई थरथरत पडलेली असते. तिच्याकडं बघणं हे आपलं काम. पहिल्या मिनिटात ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन, मग वार, म्हणजे प्लॅसेंटा, पडायची वाट बघायची, पडली की उलटीपालटी करून बघायची, तुकडा आत राहिला नाही ना, आणि मग बेंबीच्या जरा खाली हात ठेवून गर्भाची पिशवी चाचपत बसायचं. नीट आवळलेली पिशवी क्रिकेटच्या बॉलसारखी टणक लागते. मऊ लागली तर मात्र धावपळ, कारण दिवस भरलेल्या पिशवीकडं मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त जात असतं आणि वार सुटल्यावर त्या उघड्या रक्तवाहिन्या बंद करतो तो फक्त पिशवीचा स्नायू, आडव्यातिडव्या धाग्यांनी आवळून. तो थकला, आवळलाच नाही, की रक्त थांबत नाही.

मागं एका रात्री गगनबावड्याकडची एक बाई 108 मधनं आली, दिवसभर कळा देऊन दमलेली. बाळ झालं, छान रडलं, मी पण तिकडंच बघत होते तर मॅडमनी माझा हात धरून तिच्या पोटावर ठेवला, म्हणाल्या, "बाळ सिस्टर बघतील, तू हे बघ." हाताखाली पिशवी ढिली होत होती. मॅडम चोळत होत्या, तोंडानं एकेक औषध सांगत होत्या, आणि ती बाई आपली विचारतीय, "बाळाला कधी पाजू वो?" थोड्या वेळानं माझ्या हाताला पिशवी कडक लागली. ते मला शब्दांत सांगताच येत नाही, पण त्यानंतर दुसऱ्या कुठल्या ब्रांचचा विचार मनात आला नाही.

आणि हे कोल्हापूर आहे. आनंदीबाई जोशींनी 1886 साली अमेरिकेत पदवी घेतली, प्रबंधाचा विषयच आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र, आणि नेमणूक झाली ती आपल्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या वॉर्डवर, म्हणजे आजचं छत्रपती प्रमिलाराजे हॉस्पिटल, आपलं सीपीआर. फेब्रुवारी 1887 मधे त्या गेल्या, वय 21, रुजू होताच आलं नाही. पुढं कृष्णाबाई केळवकरांनी इथं ते काम केलं, शाहू महाराजांच्या काळात, त्या तर शिकायला डब्लिनपर्यंत जाऊन आल्या. सीपीआरच्या गेटातनं आत जाताना हे मला रोज आठवतं, आणि त्या बायकांना घरात काय काय ऐकावं लागलं असेल तेही.

पप्पांची काळजी मला कळते. तीन वर्षं रेसिडेन्सी, त्यात पहिलं वर्ष म्हणजे झोप विसरायची, पुढं आपलं हॉस्पिटल काढलं तर गर्भलिंग तपासणीबंदीच्या कायद्यासाठी भरायचे सोनोग्राफीचे एफ फॉर्म, कागदपत्रं, आणि काही वाईट झालं तर नातेवाइकांचा राग. सगळं मान्य. पण रँक कमी आली तर लांबचं कॉलेज घेईन, डीएनबी, म्हणजे एमएसच्या तोडीची दुसरी पदवी, ती बघीन, ब्रांच हीच. रविवारी पप्पांना घेऊन रंकाळ्यावर फिरायला जाणार आहे, तिथं निवांत बसून ही पिशवीची गोष्ट पहिल्यापासून सांगते. आत्तीला पण सांगते, तिच्या धाकट्या बाळंतपणात रक्त चढवायला लागलं होतं, तिला कळंल.