दुर्वास, नारद आणि माझी टकळी

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत शिक्षकांवर, स्नेहसंमेलनांवर आणि निकालांवर लिहिणारे पुष्कळ जण असतील. मी सायकल स्टँडवर लिहिते. मैदानाच्या कडेला, कडुलिंबाखाली, चार खांबांवर पत्रा टाकलेला तो आडोसा. मी १९७९ साली दहावी झाले. तेव्हा त्या स्टँडवरच्या निम्म्या सायकलींना नावं होती आणि ती हजेरीतल्या नावांइतकीच सगळ्यांना पाठ होती.

आमच्या शिपाईकाकांना मुलांची नावं लक्षात राहत नसत, सायकलींची मात्र राहत. "अबे पोट्टेहो, नारदले मंधात कायले घातला? दुर्वास कसा निघन आता?" असा त्यांचा आवाज सुटीच्या घंटेपाठोपाठ यायचाच.

दुर्वास माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा. दिसायला अगदी सोज्वळ, निळ्या रंगाचा, पण रस्त्यात खड्डा आला की चेन टाकून उभा. ती बिचारी रस्त्याच्या कडेला बसून काळ्या हातांनी चेन चढवायची आणि त्याची समजूत घालायची. शेवटी कॉटन मार्केटजवळच्या एका मिस्त्रीने दोरी लावून आम्हाला दाखवलं. मागचं चाक आसावर जरासं तिरकं बसलं होतं, त्यामुळे पुढचं दातेरी चक्र आणि मागचं फ्रीव्हील एका रेषेत येत नव्हतं. त्यात चेन सैल. त्याने दोन्हीकडचे नट सोडले, चाक सरळ केलं, चेन ताणून घेतली, आणि दुर्वासाचा राग गेला. नाव मात्र गेलं नाही. शांत झालेल्या दुर्वासाला आम्ही दहावीपर्यंत त्याच नावाने हाक मारली.

नारदाची गोष्ट साधी होती. घंटीच्या आतली स्प्रिंग ढिली पडलेली, त्यामुळे गिट्टीच्या रस्त्यावर ती आपोआप किणकिणायची. प्रार्थना चालू असताना फाटकाबाहेर नारद वाजला की सरांना मान वर न करताही कळायचं की आज उशिरा कोण आलंय. शकुनीही होता. कुठेतरी आपटून त्याचा पुढचा चिमटा वाकला होता आणि तो सतत डावीकडे ओढायचा. त्याचा मालक उजव्या अंगाला थोडं झुकून सायकल चालवायचा, आणि दुसऱ्या कुणाची सायकल घेतली तरी तसाच झुकायचा.

आणि एक चेतक होता. नवाकोरा, चेनकव्हरवर पेंटरकडून सुंदर अक्षरांत नाव लिहून आणलेला. पण त्याला चेतक असं कुणीच म्हणालं नाही. मालकसुद्धा 'माझी सायकल' असंच म्हणायचा.

असं का, ते मला बाबांनी सांगितलं. बाबा काटोल तालुक्यातले. लहानपण बैलांबरोबर गेलेलं, पुढे नोकरीसाठी नागपुरात, महाल या भागात बिऱ्हाड. त्यांच्या गावी गोऱ्हा विकत घेतला की लगेच नाव ठेवत नसत. तो जुवाखाली कसा वागतो, चढावर मान टाकतो का, पाण्यात शिरायला घाबरतो का, हे बघून मग नाव. मला सायकल मिळाली तेव्हा मी त्याच दिवशी 'राणी' म्हणायला लागले, तर ते म्हणाले, "पहिले चालवून त पाह्य माय, चाल समजू दे. मंग नाव ठेव."

बाबांची स्वतःची ॲटलस होती. सोनीपतला १९५१ साली सुरू झालेल्या कारखान्याची, काळी, अठ्ठावीस इंची चाकांची, पूर्ण चेनकव्हर आणि दांड्याचे ब्रेक असलेली. तिचं नाव सुभेदार. सुभेदाराला घाई माहीत नव्हती. पायडलवर उभं राहून जोर लावला तरी तो आपल्या मर्जीनेच वेग घ्यायचा. पण एकदा चालायला लागला की जड चाकांच्या जोरावर पायडल न मारता बराच पुढे जायचा. पुढचा चिमटा लांब आणि पुढे झुकलेला, दोन चाकांमध्ये अंतर जास्त, म्हणून तो सरळ रेषा सोडत नसे. मागे धान्याचं पोतं आणि पुढच्या दांड्यावर मी, तरी हँडल हलायचं नाही.

पोळ्याला बाबा सुभेदाराला धुऊन पुसून हँडलवर कुंकू लावत. महालात राहणाऱ्यांना यात नवल वाटत नसे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरचे राजे रघुजी भोसले दुसरे यांनी तो १८०६ मध्ये सुरू केला असं सांगतात. त्या दिवशी आम्ही मुलं लाकडी नंदी सजवून घरोघर नेत असू आणि बोजारा, म्हणजे खाऊ नि पैसे, मिळवत असू. त्या नंदींच्या पायांखाली चाकंच असतात. ज्या गावात बैलाला चाकं लावतात, तिथे सायकलीला बैल मानलं तर काय बिघडलं!

माझी सायकल जुनी, दुसऱ्या हाताची, लेडीज. मधला आडवा दांडा नाही, त्याऐवजी दोन तिरपे पाइप. दांडा नसल्यामुळे तिची फ्रेम चढावर किंचित लवायची, अंग मुरडून चालल्यासारखी. मागच्या चाकाला स्कर्ट अडकू नये म्हणून जाळी होती. पण तिची ओळख पटायची ती आवाजावरून. पायडल थांबवलं की फ्रीव्हीलमधले कुत्रे, म्हणजे आतले छोटे खटके, दात्यांवरून टकटक करत पळायचे. सगळ्याच सायकलींचे पळतात, पण हिचे फार मोठ्याने. पावसाळा सरेपर्यंत चालवली, मग तिला टकळी म्हणायला लागले. 'राणी' केव्हा गळून पडलं ते आठवतही नाही.

नाव ठेवल्यावर मी तिचं ऐकायला लागले. टकटक जास्त खडखडीत झाली की आत तेल संपलंय. एका फेऱ्यात एकदाच कट्ट वाजलं तर पायडलची पिन ढिली. मागून घासल्याचा आवाज म्हणजे रिम आउट झाली किंवा जाळीची तार सुटली. हे मला मिस्त्रीने शिकवलं नाही, टकळीने शिकवलं. पुढे मी इंजिनिअरिंगला गेले, आयुष्यभर यंत्रांत काम केलं, आणि बेअरिंग बिघडण्याआधी कानाला कळतं हे मी तिच्यावरच शिकले.

महाल ते धरमपेठ या आमच्या शाळेच्या वाटेत लोहापूल होता. रेल्वेखालून रस्ता खाली उतरतो आणि तसाच वर चढतो. पावसात तिथे पाणी साचायचं. ओल्या लोखंडी रिमवर ब्रेकचे रबर धरत नाहीत, म्हणून उतार लागण्याआधीच ब्रेक हलकेच दाबून रिम पुसून घ्यावी लागे. मी तेव्हा टकळीला "चल, तोंड पूस" असं म्हणायचे आणि मगच उतरायचे.

एका वर्षी शाळा नुकतीच उघडली होती, जूनअखेर. दुपारी आंधी आली. कडुलिंबाची फांदी पत्र्यावर पडली आणि सायकलींची सगळी रांग एकमेकींवर कोसळली. याच्या तारांत तिची पायडलं, हँडलात हँडल. शिपाईकाका मधोमध उभे राहून एकेकाला नावाने काढत होते आणि ज्याची सायकल त्याच्या हातात देत होते. चेतकाचा मालकही तिथेच होता. त्याची सायकल खालून निघाली तेव्हा तिचा मडगार्ड दुमडून पाठीवर उभा राहिला होता. काका म्हणाले, "हा पाह्य, मोर निघाला." त्या दिवसापासून ती मोर. मुलाने मडगार्ड सरळ करून घेतला नाही.

आता त्या जागेवर शाळेची नवी इमारत आहे. बाबांच्या सुभेदाराला भावाने सांभाळलं, अजून चालतो. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद पडल्याचं वाचलं तेव्हा भावाने मला फोन केला आणि आम्ही दोघं बराच वेळ सुभेदाराबद्दल बोलत राहिलो.

निवृत्त झाल्यावर मी गिअरची सायकल घेतली. आपल्या मेट्रोत सायकल नेता येते, त्यामुळे परतीच्या वाटेवर थकल्याचं दडपण नाही. सकाळी फुटाळा तलावापर्यंत जाते, कधी सेमिनरी हिल्सचा चढ. नात रोज एक नवं नाव सुचवते. मी तिला थांबायला सांगितलंय. अजून एक उन्हाळा जायचाय, आणि चढावर तिसऱ्या गिअरला चेन कुरकुरते ती सवय आहे की नुसतं केबल ताणायचं राहिलंय, ते मला आधी बघायचंय.