दुपारची दुसरी धार

धुळ्यातील आमच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात स्कॅनसाठी लागणारे किरणोत्सारी टेक्नेशियम मॉलिब्डेनमपासून मिळवून देणारा जनरेटर मुंबईहून रस्त्याने येतो. पावसाळ्यातील त्या शुक्रवारी पहाटेच चालकाचा फोन आला: कसारा घाटात वाहतूक ठप्प आहे, गाडी कधी सुटेल ते सांगता येत नाही. रावेरची केळी दिल्लीला पोहोचेपर्यंत टिकतात. आमचे टेक्नेशियम मात्र दर ६ तासांनी निम्मे होते, त्यामुळे ते साठवून ठेवण्याची सोयच नाही.

जुना जनरेटर ११ दिवसांचा झाला होता. मॉलिब्डेनम-९९ दर ६६ तासांनी अर्धे होते. म्हणजे चार वेळा अर्धे होऊन मूळच्या ५०० मिलिक्युरींपैकी (मिलिक्युरी हे किरणोत्साराचे एकक) जेमतेम ३१ उरले होते. मॉलिब्डेनम अ‍ॅल्युमिनाच्या स्तंभाला धरून राहते आणि त्यापासून तयार होणारे टेक्नेशियम सलाइनबरोबर निर्वात बाटलीत उतरते; याला आम्ही सरळ ‘दूध काढणे’ म्हणतो. सकाळी ७ वाजता २५ मिलिक्युरी निघाले. हाडांच्या स्कॅनसाठी आम्ही एकेका रुग्णाला २० देतो आणि बाकावर दोघे बसले होते. ज्यांची शस्त्रक्रिया दुसऱ्याच दिवशी होती, त्यांना डॉक्टरांनी आधी घेतले.

राहिल्या त्या साक्री तालुक्यातून पहिल्या एसटीने आलेल्या आजी. “भाऊ, मना नंबर कव्हय?” त्यांनी विचारले. “माय, गाय आटत आली आहे, दुपारी पुन्हा दूध काढू,” मी म्हणालो. आयुष्यभर म्हशी राखलेल्या त्या बाईंना तेवढे पुरले. अर्ध-आयुष्याचे गणित मी याहून नीट कधी कोणाला समजावले असेल, असे वाटत नाही.

सहा तासांत स्तंभावर टेक्नेशियम जेमतेम निम्मे भरते. दुपारी १ वाजता ११ मिलिक्युरी मिळाले. घाईत टाळावीशी वाटणारी एक पायरी इथे असते: बाटली शिशाच्या डबीत ठेवून सोबत मॉलिब्डेनम उतरले आहे का, ते मोजणे. दर मिलिक्युरीमागे ०.१५ मायक्रोक्युरीपेक्षा जास्त चालत नाही. आकडा खूपच खाली होता. मग टेक्नेशियम हाडांपर्यंत नेणाऱ्या एमडीपी या औषधाच्या किटमध्ये मिसळून, डॉक्टरांच्या संमतीने ती सगळी मात्रा आजींना दिली आणि तीन तास त्यांना भरपूर पाणी पाजले.

मात्रा निम्मी, म्हणून शरीरातून येणारे किरण टिपणारा गॅमा कॅमेरा निम्म्या वेगाने चालवला. २० मिनिटांच्या जागी ४० मिनिटे त्या कठीण फळीवर आजी हलल्या नाहीत. मणके, बरगड्या, कंबर सगळे स्वच्छ उमटले. निघताना त्यांनी आटलेल्या गाईची चौकशी केली.

गाडी रात्री ९ वाजता आली. शिशाचे ते धूड आम्ही दोघांनी उतरवले आणि नोंदवहीत वेळ लिहिली.