नॉर्डलिंगेनचं विवर बघायला येताय? मग दगड ओळखायला शिका

लोणार बघितलेला माणूस जर्मनीत नॉर्डलिंगेनला आला की हमखास वाटी शोधतो आणि हिरमुसतो. लोणार जेमतेम १.८ किलोमीटर, हे विवर २४ किलोमीटर रुंद आहे. सातारा ते कोरेगाव अंतर मोजून वर आणखी उरेल एवढं. सेंट जॉर्ज चर्चच्या ९० मीटर उंच मनोऱ्यावर चढलात (३५० पायऱ्या, गुडघे सांभाळून) तरी सपाट शेतं आणि लांबवर टेकड्यांची कड, एवढंच दिसतं. ती कड म्हणजेच विवराचा काठ.

साधारण दीड कोटी वर्षांपूर्वी इथं किलोमीटरभर रुंदीचा लघुग्रह आदळला. एवढ्या मोठ्या खड्ड्याच्या कडा स्वतःच्याच वजनानं आत ढासळतात. रुंदी वाढते, खोली घटते. मग तळं साचलं आणि गाळानं भरूनही गेलं.

म्हणून इथं बघायचा तो दगड. चर्च बांधलंय तो करडा दगड म्हणजे स्युवाइट. लोक त्याला ज्वालामुखीचा समजत. १९६० मध्ये शूमेकर आणि चाओ या भूशास्त्रज्ञांना त्यात कोएसाइट हे खनिज सापडलं. गारगोटीतलंच सिलिका, पण प्रचंड दाबाखाली घडलेलं; ज्वालामुखीच्या तोंडाशी तेवढा दाब येतच नाही.

अजिंक्यताऱ्याचा काळा दगड खरोखरच ज्वालामुखीचा; तो फोडला तर आत सगळा एकजीव असतो. फार तर बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पांढरी खनिजं. स्युवाइट म्हणजे निव्वळ खिचडी: करड्या चुऱ्यात काळ्या काचेचे पिळवटलेले गोळे, शेजारी ग्रॅनाइटचे फिकट तुकडे. ताजा फुटलेला पृष्ठभाग पाण्यानं ओला करा आणि दहापट भिंग लावा, काच लगेच चमकते. चर्चच्या जुन्या भिंतीवर हे नीट कळत नाही. दगड सच्छिद्र, पाणी मुरतं, थंडीत गोठून फुगतं आणि पापुद्रे सुटतात. स्युवाइटमध्ये हिरेही असतात, पण ते शोधत बसू नका, ते मिलिमीटरच्याही अंशाएवढे असतात.

म्युनिककडून आलात तर डोनाउवर्थला गाडी बदला. आधी नॉर्डलिंगेनमधलं रीसक्रेटर म्युझियम, म्हणजे या विवराचं संग्रहालय बघा, सोमवार टाळून. तिथं अपोलो १६ नं आणलेला चंद्राचा दगडही आहे. मग ओटिंगची स्युवाइटची जुनी खाण. तिकडे स्वतःचं वाहन असलेलं बरं, आणि हातोडा घरीच ठेवा.

वाटीचाच हट्ट असेल, तर नैऋत्येला ४० किलोमीटरवर श्टाइनहाइम आहे: ३.८ किलोमीटरचं, मधोमध टेकडी असलेलं विवर.