आमची वाटचाल : आधी इंधन सांगा, मग रंग ठरवू

इंजिनवर उडणाऱ्या मॉडेल विमानांचे प्लॅस्टिकचे भाग रंगवून देणं हा आमचा धंदा. काउल म्हणजे इंजिनावरचं आवरण, चाकांवरची आवरणं, कॅनॉपीची म्हणजे पायलटवरच्या पारदर्शक झाकणाची चौकट, कधी कधी आत बसवायच्या खोट्या पायलटचं डोकंसुद्धा. एवढ्याशा कामावर धंदा चालतो का, असं नातेवाईक अजून विचारतात. चालतो. विमान बांधणारा माणूस बाल्सा लाकूड, वर चढवायची फिल्म आणि इंजिन यांत महिने घालवतो. काउल रंगवायची वेळ येते तेव्हा त्याचा धीर संपलेला असतो आणि हाताला लागेल तो स्प्रे कॅन तो उचलतो. मग थोड्याच उड्डाणांत एक्झॉस्टच्या बाजूचा रंग आधी मऊ पडतो, नंतर बोटाला लागायला लागतो आणि शेवटी पोपडे निघतात. आमच्याकडे येणारी बरीच कामं अशी दुसऱ्यांदा रंगवायची असतात.

मुळात आम्ही रंगवाले नव्हतोच. एबीएस या प्लॅस्टिकचे पत्रे तापवायचे, साच्यावर व्हॅक्यूमने ओढायचे, कडा कापायच्या आणि काउल कोरे विकायचे, एवढंच काम होतं. रंगवून मिळेल का, ही मागणी गिऱ्हाइकांनीच लावून धरली. आज मागे बघता वाटतं, की पत्रा ओढण्याचं काम आधी हाताखालून गेलं हे बरं झालं, कारण रंगाचा निम्मा प्रश्न तिथेच कळतो. तापलेला पत्रा साच्यावर सारखा पसरत नाही. काउलच्या पुढच्या गोलाईवर आणि कोपऱ्यांत तो ताणून पातळ होतो आणि थंड होताना तो ताण आतच अडकून राहतो. भाग नुसता हातात घेतला तर काहीच दिसत नाही. त्यावर जहाल थिनर पडलं की नेमक्या त्याच जागी केसासारख्या बारीक चिरा उमटतात. अ‍ॅसिटोन किंवा एमईके यांसारखी सॉल्व्हंट तर एबीएसला सरळ विरघळवतात. लॅकर थिनरही त्याच वाटेचं.

म्हणजे प्लॅस्टिकच्या भागाला दोन्हीकडून मार असतो. रंग लावताना थिनर प्लॅस्टिकवर चाल करतं आणि उडवताना इंधन रंगावर. पहिल्यापासून वाचवायचं तर सौम्य रंग हवा, दुसऱ्यापुढे टिकायचं तर कडक. सौम्य रंग बहुधा इंधनाला शरण जातो आणि इंधनाला दाद न देणाऱ्या रंगाचं थिनर बहुधा प्लॅस्टिकला झोंबतं. आमचा सगळा धंदा या दोन टोकांमधून वाट काढण्याचा आहे.

इंधनाची गोष्ट जुनी आहे. सुरुवातीची मॉडेल इंजिनं ठिणगीवर चालत आणि पेट्रोल पीत, त्यामुळे रंगाची फारशी परीक्षा होत नसे. 1947 मध्ये अमेरिकेत रे आर्डेन यांचा ग्लो प्लग, म्हणजे ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग, बाजारात आला, त्याच्याबरोबर मिथेनॉलचं इंधन घरोघर पोहोचलं आणि तोवर निवांत चाललेला नायट्रोसेल्युलोजचा डोप, म्हणजे विमानाच्या आवरणावर लावायचं लॅकर, त्या इंधनात विरघळायला लागला. त्या इंधनापुढे टिकणाऱ्या ब्युटिरेट डोपला मग मागणी आली ती यामुळेच. आजच्या ग्लो इंधनात मिथेनॉल असतं, एरंडेल किंवा सिंथेटिक तेल असतं आणि नायट्रोमिथेन असतं. हौशी विमानांसाठी नायट्रो साधारण 5 ते 15 टक्के, हेलिकॉप्टरवाले 30 टक्क्यांपर्यंतही जातात. खरी दुखरी नस हे नायट्रोच आहे. ते स्वतःच जबर सॉल्व्हंट आहे. 5 टक्क्यांना दाद न देणारा रंग 20 टक्क्यांपुढे टिकेलच असं नाही. पेट्रोल इंजिनांचा त्रास त्या मानाने कमी, पेट्रोल आणि टू-स्ट्रोक तेल एवढाच मामला. डिझेल म्हणवणाऱ्या छोट्या इंजिनांच्या मिश्रणात इथर, रॉकेल आणि एरंडेल असतं. इथर क्षणात उडून जातं, पण मागे राहिलेलं काळं तेल सगळीकडे पसरतं.

म्हणून गिऱ्हाइकाचा फोन आला की रंगाची छटा आम्ही शेवटी विचारतो. संवाद बहुतेक असाच होतो :

‘डब्यावर फ्युएलप्रूफ लिहिलंय. तोच मारून द्या ना.’

‘इंजिन कुठलं, दादा? ग्लो की पेट्रोल?’

‘ग्लो.’

‘नायट्रो किती टक्के घालता?’

इथे बरेचदा शांतता. मग ते कॅन शोधायला जातात. डब्यावरचा दावा खोटा असतो असं नाही. तो कुठल्यातरी एका इंधनापुढे खरा असतो आणि ते कुठलं, हे डबा सांगत नाही.

रंगांची निवड करताना आम्ही एकच प्रश्न धरून ठेवतो : हा रंग सुकतो कसा? अ‍ॅक्रिलिक लॅकर आणि नायट्रोसेल्युलोज यांतलं सॉल्व्हंट उडालं की ते सुकले. आत कुठलंही रासायनिक बंधन तयार होत नाही, म्हणून तसंच सॉल्व्हंट पुन्हा भेटलं की ते पुन्हा ओले होतात. ग्लोसाठी ते बाद. अल्किड इनॅमल हवेतल्या ऑक्सिजनशी जुळत जुळत कडक होतं. याला वेळ लागतो, हाताला सुकं लागल्यावरही आतलं काम कित्येक दिवस चालू असतं. नीट मुरू दिलं तर पेट्रोलच्या विमानाला ते चालून जातं. जास्त नायट्रोपुढे नाही. दोन भागांचे इपॉक्सी आणि पॉलियुरेथेन मात्र हार्डनरबरोबर जाळं विणतात आणि ते जाळं इंधनात विरघळत नाही. इपॉक्सी घट्ट धरतं, पण उन्हात वर्षभर राहिलं तर त्यावर खडूसारखी पांढरट पूड धरते. अ‍ॅलिफॅटिक पॉलियुरेथेनची चमक उन्हातही टिकते.

पाण्यावरचे अ‍ॅक्रिलिक रंग लोक उगाच नाकारतात. एकटे ते मिथेनॉलपुढे उभे राहत नाहीत हे खरं, पण प्लॅस्टिकला ते अजिबात झोंबत नाहीत. पॉलिस्टायरीनच्या भागाला आम्ही छटा पाण्याच्या रंगातच देतो, पूर्ण सुकवतो आणि वर दोन भागांचा पारदर्शक थर चढवतो. तो थर एकदम ओला मारला तर खालचा रंग सुरकुततो आणि त्याखालचं पॉलिस्टायरीनही सुटत नाही. म्हणून पहिले दोन हात धुक्यासारखे, कोरडे, मध्ये सॉल्व्हंटला निघून जायला वेळ देऊन. शेवटचा हात तेवढा ओला. हे जमायला हाताला सवय लागते. आमच्याकडच्या मुलांना टाकाऊ काउल देऊन आधी हेच शिकवतो, स्प्रे गनच्या बाकीच्या करामती नंतर.

प्लॅस्टिक कुठलं आहे हेच ठाऊक नसेल तर? ही वेळ वरचेवर येते, कारण जुन्या किटमधले भाग खोक्याशिवाय येतात. छाटलेली कड पाण्यात टाकायची. तरंगली तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीन समजायचं. त्यांवर साधा रंग धरतच नाही, त्यांना वेगळा अ‍ॅडहेजन प्रमोटर, म्हणजे रंग धरून ठेवणारा आधीचा हात, लागतो. बुडाली तर एबीएस, स्टायरीन, नायलॉन, पॉलिकार्बोनेट यांपैकी काहीतरी. मग आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, जे थिनर वापरणार त्याचा एक थेंब ठेवून बघायचं. पृष्ठभाग चिकट झाला किंवा दुधाळ दिसायला लागला की तो बेत सोडायचा.

पारदर्शक कॅनॉपीची चौकट शक्यतो आतून रंगवावी. बाहेरून इंधन येतं ते प्लॅस्टिकवर, रंगापर्यंत पोहोचतच नाही. यात एक मेख आहे : कॅनॉपी पॉलिकार्बोनेटची असेल आणि स्क्रूने ताणून बसवलेली असेल, तर नुसतं मिथेनॉलही स्क्रूच्या भोकापासून तडे पाडू शकतं. तिथे दोष रंगाचा नसतो. स्क्रू सैल करा एवढंच सांगतो.

रंगाआधीच्या तयारीबद्दल फार लिहीत नाही. साच्याचं सिलिकॉन राहिलं तर रंगात गोल खळगे पडतात, म्हणून भाग भांडी धुण्याच्या साबणाने धुवायचा, वाळवायचा, 400 ते 600 नंबरच्या पॉलिश पेपरने चमक घालवायची आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. त्यानंतर उघड्या बोटाने हात लावायचा नाही. घाई असली म्हणून उष्णता देऊन सुकवायचं तर 50 अंशांच्या वर आम्ही जात नाही. एबीएस 100 अंशांच्या आसपास मऊ पडतं हे खरं, पण आतला अडकलेला ताण त्याच्या कितीतरी आधी भाग वेडावाकडा करू शकतो.

कडांवर मात्र थोडं बोलायला हवं, कारण रंग उतरतो तो सपाट भागावरून नाही, कडेवरून. इंधन एक्झॉस्टच्या कापापाशी, स्क्रूच्या भोकांतून, मास्किंग टेपच्या रेषेवरून रंगाखाली शिरतं. मिथेनॉल उडून जातं, पण तेल राहतं आणि हळूहळू आत सरकत जातं. आम्ही रंग कडेवर थांबवत नाही. तो वळवून आत बोटभर नेतो आणि भोकं आधी पाडून त्यांच्या आतल्या भिंतीही ब्रशने बंद करतो. दोन छटांच्या रेषेवरून पारदर्शक थर सलग जातो. नंबर आणि स्टिकरही त्याच्याखाली. वजन वाढेल अशी तक्रार येते, ती हिशेबाने मिटते : 50 मायक्रॉनचा सुका थर एक चौरस मीटरवर साधारण 65 ग्रॅम होतो. काउल त्याचा किती लहान हिस्सा असतो ते बघा. अख्खं विमान रंगवायचं असेल तर मात्र ही चिंता खरी आहे आणि तिथे आम्हीच हात आखडता घेतो.

आता चाचणी. कारखान्याच्या भिंतीवर रंगवलेल्या पट्ट्यांचा फळा आहे. पाहुण्यांना तो नमुन्यांचा फळा वाटतो. प्रत्येक पट्टी ओढलेल्या भागातूनच कापलेली असते. सपाट पत्र्यावर चाचणी घेण्यात अर्थ नाही, त्यात ताण नसतो. रंग लावून आठवडाभर मुरू देतो. मग गिऱ्हाईक वापरतो त्याच इंधनात भिजवलेला कापूस ठेवून वर झाकण उपडं घालतो, म्हणजे इंधन उडून जात नाही, आणि रात्रभर तसंच सोडतो. सकाळी पांढऱ्या फडक्याने पुसायचं, रंग येतो का बघायचं, नख दाबायचं. चमक शेजारच्या कोरड्या भागाशी ताडून पाहायची. शेवटी आयएसओ 2409 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चौकडीची चाचणी : सहा उभे आणि सहा आडवे काप, म्हणजे 25 चौकोन. प्लॅस्टिकवर पातळ थराला कापांमधलं अंतर 1 मिलिमीटर. टेप चिकटवून ओढायची. निकाल 0 ते 5 मध्ये देतात, 0 म्हणजे एकही कड सुटली नाही. आम्ही 0 किंवा 1 पेक्षा वाईट निकाल चालवून घेत नाही. इंधनाने रंग विरघळला नाही पण खालून ढिला झाला, हे फडक्याने कळत नाही, टेपने कळतं.

इंधनाच्या बाटल्या हाताळायला कुणालाही बसवत नाही. मिथेनॉल त्वचेतूनही अंगात जातं आणि पेटलं तर दिवसाउजेडी ज्वाला जवळजवळ दिसत नाही. चाचणीच्या टेबलाजवळ हीटर नाही, सोल्डरिंग नाही.

धंद्याचं वळण ज्यामुळे बदललं ती गोष्ट म्हणजे पॉलियुरेथेनचा हार्डनर. त्यात आयसोसायनेट असतात. फवारताना त्यांचं धुकं श्वासात गेलं की काहींना त्याची कायमची संवेदना जडते. मग अगदी किंचित मात्रेनेही दमा उठतो. ब्रिटनमध्ये आठ तासांच्या कामासाठी हवेतली मर्यादा घनमीटरला 0.02 मिलिग्रॅम आहे, यावरून काय ते समजा. कोळशाच्या डब्यांचा मास्क इथे फसवा ठरतो, कारण वास येईपर्यंत मर्यादा ओलांडून झालेली असते. आम्ही फवारणी बंद बूथमध्ये नेली, बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क सक्तीचा केला आणि फवारणाऱ्यांची फुफ्फुसांची तपासणी नियमित ठेवली. त्यासाठी पैसा गेला आणि काही काळ मशिनं घेणं लांबलं.

त्याच वेळी दुसरा निर्णय झाला : घरी रंगवणाऱ्यांना पॉलियुरेथेनचा संच विकायचा नाही. यावर आमच्यातच वाद झाला, कारण मागणी सर्वांत जास्त त्यालाच होती. आता घरच्यासाठी आम्ही ब्रशने लावायचं इपॉक्सी देतो, सोबत नायट्राइलचे हातमोजे. इपॉक्सीचा हार्डनरही त्वचेला ॲलर्जी लावतो, त्यामुळे मोजे शोभेचे नाहीत. पिवळा आणि नारिंगी रंग घेताना पुरवठादाराकडून शिसं नसल्याचं लेखी मागतो. जुन्या जमान्यात या छटा लेड क्रोमेटच्या असत, आणि जुना भाग घासताना ती धूळ उडते. म्हणून जुनं काउल आम्ही ओलंच घासतो. शिशासाठी 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90) मर्यादा अनेक देशांनी घातली आहे, तीच आम्ही धरतो.

विजेवर उडणारी विमानं आल्यापासून निम्म्या भागांना इंधनाचा वासही लागत नाही. काम कमी होईल असं वाटलं होतं. झालं उलट : इलेक्ट्रिकवाले फोमचे भाग घेऊन येतात आणि फोम थिनरपुढे एबीएसपेक्षाही हळवा. पाण्याच्या रंगांचा अनुभव तिथे कामी आला.

एक काम मात्र आम्ही घेत नाही, ते प्रॉपेलर रंगवण्याचं. फिरताना पातं दिसावं म्हणून टोकं पिवळी किंवा पांढरी हवीतच, पण ती कारखान्यातूनच आलेली घ्यावीत. मिनिटाला 10,000 फेऱ्यांच्या वर फिरणाऱ्या पात्यात थिनरने एक चीर सुरू केली तर ते कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही, शिवाय एका टोकाला जास्त रंग बसला की तोल गेलाच. पार्सलमध्ये प्रॉपेलर निघाला तर तो कोराच परत जातो. नायलॉनचा स्पिनर, म्हणजे प्रॉपेलरच्या मधलं टोपण, असेल तर मात्र रंगाच्या थराऐवजी गरम पाण्यात कापडाच्या अ‍ॅसिड डायने रंगवून देतो, त्यात थोडं व्हिनेगर. नायलॉन ते रंग पिऊन घेतं, वर थर नाही म्हणजे उतरायला काही नाही. छटा मूळ नायलॉनपेक्षा गडदच मिळतात.