शेळ्यांची किंमत

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार म्हणून सकाळी बसलं की पहिला तास रात्रपाळीकडून चार्ज घेण्यात आणि स्टेशन डायरी चाळण्यात जातो. त्या गुरुवारी एक बाई दाराशी येऊन उभी राहिली. आत येईना. पायरीवरूनच म्हणाली, "आम्ही काय केलं न्हाई, मॅडम."

कुणी काही विचारलंच नव्हतं.

फासेपारधी होती ती, गावाबाहेरच्या माळावर वस्ती. तालुक्यात कुठंही घरफोडी झाली की आमची गाडी आधी त्या माळाकडे वळते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इंग्रजांनी १८७१ साली केलेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, गाडीची सवय मात्र गेली नाही. त्या वस्तीतली माणसं ठाण्यात यायची ती संशयित म्हणून, नाहीतर संशयिताची भाकरी घेऊन. फिर्याद द्यायला आलेलं मी तरी कुणी पाहिलं नव्हतं.

तिच्या चार शेळ्या रात्रीत गेल्या होत्या, त्यातल्या दोन गाभण. वस्तीच्या कडेला पिकअपच्या चाकांचे व्रण होते.

"इकल्या असतील त्यांनीच," शेजारच्या टेबलावरून एक जण म्हणाला. मग जरा हळू, "चारींचे मिळून साडेचार हजार धरा. एनसी करा, अदखलपात्र नोंद, मिटलं."

यातली मेख बाहेरच्या माणसाच्या लक्षात येणार नाही. जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र आहे. म्हणजे एनसीचा कागद हातात द्यायचा. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय आम्ही तपास करायचा नाही. किमतीच्या रकान्यात कोणता आकडा पडतो, यावर सगळं ठरतं.

बाईला किंमत विचारली. ती म्हणाली, "तुमी लिवाल ती."

आमच्या ड्रायव्हरच्या घरी शेळ्या आहेत. त्याला हाक मारून विचारलं, गाभण शेळी कितीला जाते? "बारा हजाराच्या खाली कोण देतंय!" बाकीच्या दोन आठ-आठ हजारांच्या धरल्या. चाळीस हजार लिहिले.

साहेबांनी भुवया वर केल्या. "पारध्याच्या शेळ्या चाळीस हजाराच्या?"

"ड्रायव्हरचा जबाब लावू का, साहेब?"

सही झाली.

फिर्याद मी तिला सावकाश वाचून दाखवली. वाचून दाखवणं कायद्यानंच सांगितलंय, पण घाईत बहुतेकदा फक्त 'इथं सही करा' एवढंच होतं. तिनं मध्येच थांबवलं. "माझं नाव आरोपीच्या जागी न्हाई ना?" बोट ठेवून रकाना दाखवला, तेव्हा अंगठा उठवला. प्रत हातात दिली तर पदराची गाठ सोडायला लागली. प्रत फुकट असते, हे पटायला तिला बराच वेळ लागला.

दुपारी त्या भागाच्या बीट अंमलदारासोबत पंचनाम्याला गेलो. गाडीचा आवाज येताच वस्तीतली पोरं ज्वारीत पळाली. बाई त्यांच्या भाषेत ओरडत मागे धावली. दोघं परत आले, बाकीचे आम्ही निघेपर्यंत आलेच नाहीत. पंच म्हणून गावातलं कुणी उभं राहीना. शेवटी ग्रामपंचायतीच्या शिपायाला गळ घातली.

दोन शेळ्या पुढच्या आठवडी बाजारात मिळाल्या, कोर्टातून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे केस चालू असेपर्यंत सांभाळायला म्हणून, तिला परत गेल्या. गाभण होत्या त्या गेल्याच. पिकअप निघाली शेजारच्या गावातल्या एका वजनदार घराची. लगेच मिटवामिटवीचा निरोप आला, दुप्पट पैसे देतो म्हणून. चोरीच्या केसमध्ये मालकाला तडजोड करता येते, तशी कायद्यात सोय आहे. मी तिला तसं सांगितलं, ठरवायचं तुम्ही, मावशी.

"पैसं घेतलं तर उद्या म्हनतील पारधिणीनं खोटी केस केली," ती म्हणाली. "होऊ द्या कोर्टात."

केस चालू आहे. तारखेला आली की ती ठाण्यात डोकावते, कसला कागद असेल तर वाचून घेते. आता पायरीवर थांबत नाही. म्हणून आमचं ठाणं बदललं असं कुणी समजू नये. मध्यंतरी घरफोडी झाली आणि गाडी पुन्हा आधी त्याच माळावर गेली. मी ड्युटीवर होते. तिचा फोन आला.

"मॅडम, भाच्याला आनलंय सकाळी. डायरीत नोंद हाय का बगा जरा."

पोरगा मागच्या खोलीत बसवलेला होता. डायरीत नोंद नव्हती. मी वेळ टाकून केली.